‘दौहृदिनी’ ते ‘दोन जिवांची’ : गर्भस्थ हृदयाची परीक्षा आणि तिची भाषा

गर्भवती स्त्रीचा उल्लेख मराठी बोलीत ‘दोन जिवांची’ असा केला जातो. जड हंडा तिला उचलू न देण्यास, किंवा भरलेल्या एसटीत तिला बसावयास जागा करून देण्यास एवढे विशेषण पुरते. त्यावर कोणी अधिक स्पष्टीकरण मागत नाही. आयुर्वेदाच्या संहितांनी याच अवस्थेचे वर्णन केले आहे, परंतु तेथे गणना जिवांची नसून हृदयांची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून, दोन हृदये धारण करणाऱ्या त्या स्त्रीस ‘दौहृदिनी’ अशी संज्ञा दिली आहे. चरकसंहिता हीच अवस्था तिसऱ्या महिन्यात मानते, आणि गर्भाचे हृदय रसवाहिन्यांच्या द्वारे मातेच्या हृदयाशी जोडलेले असते, असा विचार मांडते. जो वैद्य आज या दुसऱ्या हृदयाची परीक्षा जन्मापूर्वी करतो, त्या बालहृदयतज्ज्ञाच्या कार्याचे स्वरूप काय आहे, आणि ते कार्य मराठी भाषेतून चालते तेव्हा भाषेस कोणते ओझे वाहावे लागते, याचे विवेचन येथे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. गर्भिणीच्या इच्छेस संस्कृतात ‘दोहद’ म्हणतात. हा शब्द संस्कृत कोशांत प्रतिष्ठित असला तरी त्याची घडण प्राकृताची आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले आहे. जर्मन पंडित लूडर्स यांनी तो ‘द्विहृद्’ या रूपापासून साधला. दुसऱ्या पक्षाच्या मते त्याचे मूळ ‘दौर्हृद’, म्हणजे मन बिघडणे, मळमळणे, या अर्थाच्या शब्दात आहे. पहिल्या व्युत्पत्तीत दोन हृदयांची कल्पना मुळात आहे, दुसऱ्या व्युत्पत्तीत ती मागाहून लोकांनी शब्दात पाहिली, एवढाच भेद. पुढील वाट मात्र निर्विवाद आहे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘दोहद’ हा शब्द दोन ठिकाणी घेतला आहे : एकदा आद्य ‘द’चा विकल्पाने ‘ड’ होणाऱ्या शब्दांत, ‘दोला’, ‘दण्ड’, ‘दाह’ यांच्या पंगतीस; आणि दुसऱ्यांदा ‘द’चा ‘ल’ होणाऱ्या शब्दांत. पाली भाषेत ‘दोहळ’ रूप आहेच. हे दोन्ही विकार एकत्र आले म्हणजे मराठी ‘डोहाळे’ हाती येतो. ‘कदंब’चा ‘कळंब’ झाला, ‘दोला’पासून ‘डोलणे’ आले, तोच हा मार्ग. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करणाऱ्या घरास हे ठाऊक नसते, की ज्या शब्दाने चिंचाबोरांची आठवण होते त्या शब्दाच्या पोटात, निदान एका मताप्रमाणे, गर्भाचे हृदय दडलेले आहे.

यावरून प्राचीनांस गर्भहृदयाचे आधुनिक ज्ञान होते असे अनुमान काढण्याचा मोह काहींना होतो. तो मोह आवरावयास हवा. गर्भात प्रथम कोणता अवयव उत्पन्न होतो, याविषयी सुश्रुतसंहितेने शौनकाचे मस्तक, कृतवीर्याचे हृदय, पाराशराचे नाभी, मार्कंडेयाचे हातपाय अशी परस्परविरोधी मते नोंदवून अखेर सर्व अवयव एकाच वेळी निर्माण होतात असा धन्वंतरीचा निर्णय दिला आहे. हा तर्काचा वाद होता. निरीक्षणाचे साधन कोणापाशीच नव्हते. आजच्या ज्ञानाप्रमाणे गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी एका साध्या नळीच्या रूपातील हृदय स्पंदन करू लागते, नंतर ती नळी वळते, तीत पडदे वाढतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्प्यांचे हृदय आकारास येते. कृतवीर्याचे मत या दृष्टीने सत्याच्या जवळ होते; पण त्याचे कारण, हृदय हे बुद्धीचे व मनाचे स्थान आहे हे, अगदी निराळे होते.

साधने आली ती फार उशिरा. लाएनेक याने १८१६ मध्ये श्रवणनलिका शोधून काढली, आणि थोड्याच वर्षांत, १८२१ मध्ये, त्याच्याच देशातील केर्गारादेक याने गर्भिणीच्या उदरावर ती टेकवून गर्भहृदयाचे ठोके ऐकल्याचे वृत्त पॅरिसच्या वैद्यकसभेपुढे ठेवले. सुईणीच्या हातातील लाकडी कर्णा हा त्या शोधाचाच वंशज होय. त्याने ठोके मोजता येतात, मिनिटास ११० ते १६० च्या दरम्यान ते असावेत एवढे कळते. परंतु हृदयाची रचना कळत नाही. ती दिसू लागली ध्वनीमुळेच, मात्र मनुष्याच्या कानास न ऐकू येणाऱ्या ध्वनीमुळे. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये एड्लर व हर्ट्झ यांनी स्वनातीत लहरींनी हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. ग्लासगो येथे इयन डोनल्ड यांनी १९५८ मध्ये त्याच तत्त्वाने गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. हे दोन प्रवाह १९८० च्या सुमारास एकत्र आले. लंडनमध्ये लिंडसे ॲलन यांनी, आणि अमेरिकेत चार्ल्स क्लाइनमन यांनी, गर्भाच्या हृदयाची पद्धतशीर परीक्षा करता येते हे दाखवून दिले. ‘गर्भहृदयविज्ञान’ ही शाखा म्हणजे एवढ्या अल्प वयाची आहे.

परीक्षा साधारणतः १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान करतात. त्या वेळी हे हृदय दोन सेंटिमीटरांच्या आसपास असते, आणि त्यातून निघणारी महारोहिणी सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची. तज्ज्ञ प्रथम गर्भ कसा पडला आहे हे पाहून त्याचे डावे-उजवे ठरवितो. हे सोपे वाटते, पण नाही. पडद्यावरील डावे, मातेचे डावे आणि गर्भाचे डावे ही तीन निरनिराळी डावी असतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सर्व निदान फसते. मग जठर व हृदय एकाच बाजूस आहेत काय, हृदयाचे टोक डावीकडे सुमारे ४५ अंशांनी कलले आहे काय, चार कप्पे समतोल आहेत काय, दोन मोठ्या रोहिण्या आपापल्या निलयातून निघून एकमेकींस ओलांडतात काय, याची क्रमाने तपासणी होते. रंगीत डॉप्लर चित्रणाने रक्त कोणत्या दिशेस वाहते हे दिसते. गर्भ आपल्या सोयीने वळतो. तज्ज्ञास थांबावे लागते. कित्येकदा मातेस उठवून थोडे फिरवून आणतात व पुन्हा निजवितात. सगळ्यास अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

येथे मुख्य अडचण अशी की गर्भाचे हृदय हे लहान आकाराचे प्रौढ हृदय नव्हे. गर्भ श्वास घेत नाही. प्राणवायू त्यास वारेतून नाळेच्या द्वारे मिळतो. म्हणून फुप्फुसांकडे थोडेच रक्त जाते, आणि उरलेले दोन आडवाटांनी निघून जाते. एक वाट दोन अलिंदांमधील पडद्यातील रंध्र, दुसरी फुप्फुसरोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी वाहिनी. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला जातो, फुप्फुसे उघडतात, आणि या वाटा काही तासांत वा दिवसांत मिटू लागतात. या व्यवस्थेचा एक विलक्षण परिणाम आहे : हृदयाचे अतिशय गंभीर वैगुण्यही गर्भावस्थेत निरुपद्रवी राहते. ज्या बालकाच्या दोन्ही रोहिण्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे महारोहिणी उजव्या निलयातून व फुप्फुसरोहिणी डाव्या निलयातून निघते, ते बालक गर्भात नीट वाढते, वजनाने भरते, जन्मताना रडतेही. आडवाटा मिटू लागतात तेव्हा ते निळे पडते, कारण फुप्फुसांतील शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परतत राहते आणि शरीरास अशुद्ध रक्तच मिळते. वैगुण्य आधी माहीत असेल तर वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लॅंडिन हे औषध तत्काळ सुरू करता येते. १९६६ मध्ये रॅशकिंड यांनी दाखविल्याप्रमाणे फुग्याच्या नलिकेने अलिंदांमधील रंध्र रुंद करता येते. आणि पहिल्या काही आठवड्यांत रोहिण्या पूर्ववत् जोडण्याची शस्त्रक्रिया, जी ब्राझीलमध्ये झातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केली, ती करता येते. माहीत नसेल तर हा सारा अवधी रोग ओळखण्यात आणि वाहन शोधण्यात जातो.

नेवासा तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून विचार केला म्हणजे या अवधीचा अर्थ कळतो. अहिल्यानगर तेथून सुमारे ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरही जवळजवळ तेवढेच, आणि पुणे सुमारे १८० किलोमीटर. नवजात बालकाच्या हृदयावरील शस्त्रक्रिया ही जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होणारी गोष्ट नव्हे. निळ्या पडलेल्या बालकास या अंतरावरून नेण्यापेक्षा आईच्या उदरातूनच नेणे अधिक सुरक्षित. याहून चांगले शीतोष्ण-नियंत्रित वाहन अद्याप कोणी बनविलेले नाही. गर्भहृदयतज्ज्ञाच्या अहवालाचे खरे फळ पुष्कळदा ‘प्रसूती कोठे व्हावी’ या एका ओळीत असते. जन्मजात हृदयवैगुण्य हजार जिवंत जन्मांत आठ ते दहा बालकांत आढळते, आणि ती सर्वच गंभीर नसतात. आधीचे मूल असे असणे, मातेस गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असणे, जवळच्या नात्यात विवाह होणे, ही कारणे धोका वाढवितात. परंतु वैगुण्य असलेली बहुसंख्य बालके अशा कोणत्याही कारणाविना जन्मतात. म्हणून निवडक मातांचीच तपासणी करून भागत नाही, गावपातळीच्या साध्या सोनोग्राफीत चार कप्पे व दोन रोहिण्या पाहण्याची सवय लागावी लागते. जन्मानंतरच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला, व त्यात हृदयवैगुण्याचा अंतर्भाव आहे. जन्मापूर्वीची कडी त्यामानाने दुबळी आहे.

नेवाशाचे नाव येथे आणखी एका कारणाने आठवते. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेच्या काठी येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन थरांत, घरांच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत लहान बालकांच्या अस्थी, अशी दफने त्यांना सापडली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्यात रेशीम व कापूस यांचे तंतू आढळले. ही बालके कशाने गेली हे अस्थी सांगत नाहीत. हृदय हा मांसाचा अवयव असल्यामुळे त्याचे वैगुण्य मातीत उरत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंतही गावोगावी ‘बाळ काळेनिळे पडले आणि गेले’ एवढीच नोंद आजीच्या तोंडी राहत असे. त्या दृष्टीने तीन हजार वर्षांत फारसा फरक पडला नव्हता.

निदानाने केवळ प्रसूतीचे स्थळ ठरते असे नाही. काही गर्भांचे हृदय मिनिटास २०० हून अधिक वेगाने धावते. तसेच चालू राहिले तर गर्भाच्या अंगावर पाणी चढते आणि तो दगावतो. यावरील औषध मातेस देतात. तिच्या रक्तातून ते वारेत, वारेतून गर्भात पोचते, आणि हळूहळू वेग उतरतो. मातेचे स्वतःचे हृदय निरोगी असते, तरी औषध तीच घेते, आणि तिच्याच हृदयाची पट्टिका वरचेवर काढून तिला अपाय होत नाही ना हे पाहावे लागते. ‘रसवाहिन्यांनी जोडलेली दोन हृदये’ हे चरकाचे रूपक येथे अनपेक्षितपणे शब्दशः उतरते. उलट प्रकारही आहे : मातेच्या रक्तातील काही प्रतिद्रव्ये वार ओलांडून गर्भहृदयाच्या विद्युन्मार्गास इजा करतात आणि ठोके ५० ते ७० वर येतात. प्रत्यक्ष गर्भहृदयावर उपचार करण्याचे प्रयोग मोजक्या ठिकाणी होतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२३ मध्ये गर्भाच्या हृदयातील अरुंद झडप फुग्याने रुंद करण्यात आली.

आता भाषेकडे वळावे. पडद्यावरचे चित्र तज्ज्ञास कळते. ते मातेस आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूस वा नवऱ्यास कळवायचे असते, आणि तेथे परिभाषा अडखळते. हृदयाच्या कप्प्यांना मराठीत दोन जोड्यांनी नावे आहेत. ‘अलिंद’ व ‘निलय’ ही एक. ‘कर्णिका’ व ‘जवनिका’ ही दुसरी. अलिंद म्हणजे घरापुढील ओसरी, निलय म्हणजे राहण्याचे ठिकाण. रक्त ओसरीत येते आणि मग घरात शिरते, ही उपमा रास्त आहे, आणि लॅटिन नावातही घराचा दर्शनी चौकच आहे. कर्णिका ही कानाच्या आकारावरून आली, तीही समजण्याजोगी. जवनिका मात्र पडदा. पडद्याच्या नावाने कप्पा कसा ओळखावा, विशेषतः ज्या अवयवात पडद्याचेच दोष सांगावयाचे आहेत तेथे? परिभाषाकारांनी ही जोडी केव्हाच सोडावयास हवी होती.

व्यवहारात यांतील एकही शब्द उच्चारला जात नाही. तेथे ‘हृदयाला छिद्र’ हा एकच प्रयोग सर्व रोगांचे काम करतो. झडप अरुंद असो, रोहिण्या उलट असोत, वा एक निलय मुळीच न वाढलेला असो, घरी परतल्यावर शेजारणीस सांगितले जाते ते ‘बाळाच्या हृदयाला छिद्र आहे’ असेच. यात दोन अनर्थ आहेत. पहिला असा की गर्भाच्या हृदयात अलिंदांमधील रंध्र असणे हे आरोग्याचे लक्षण आहे. ते नसणे हाच दोष. तेव्हा अहवालात त्या रंध्राचा उल्लेख वाचून धास्तावलेल्या कुटुंबास शांत करण्यात तज्ज्ञाचा वेळ जातो. दुसरा अनर्थ शब्दाच्या वळणातून येतो. संस्कृतात ‘छिद्र’ म्हणजे भोक तसेच उणेपणा, दूषण. ‘छिद्रान्वेषी’ हा शब्द त्याचाच. ‘छिद्र’ म्हटले की कोणाचे तरी चुकले असा ध्वनी त्यात येतो, आणि आपल्याकडे ते कोणाचे हे ठरविण्यास वेळ लागत नाही : ग्रहणात तिने काही चिरले असेल, तिच्या माहेरचे काही असेल. नैसर्गिक मार्गास ‘रंध्र’ आणि दोषास ‘पडद्यातील उणीव’ असा भेद केला तर बोलणे थोडे लांबेल, पण एक आरोप टळेल. ‘काळीज’ हा शब्द तर अधिकच निसरडा. त्याचे मूळ ‘कालेय’, म्हणजे यकृत. हिंदीतील ‘कलेजा’ अजून तेथेच आहे, मराठीत तो हृदयापर्यंत सरकला, आणि खाटकाच्या दुकानात पुन्हा यकृतावर येतो. ‘काळजात दोष’ असे कोणी चुकूनही म्हणू नये.

कठीण शास्त्र लोकांच्या भाषेत आणण्याचा प्रश्न नेवाशास नवा नाही. शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० साली, याच गावी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तेथे तत्त्वज्ञानाची संज्ञा तशीच ठेवून तिच्याभोवती शेत, पाणी, दिवा, आई-लेकरू यांचे दृष्टांत रचले आहेत. संज्ञा बदलून सोपी केलेली नाही. अनुभवी तज्ज्ञही नकळत हीच रीत धरतात. ‘घराचे चार खण, मधली भिंत पुरती चढलेली नाही’, ‘विहिरीवरच्या दोन मोटारींचे पाइप एकमेकांच्या जागी लागले आहेत, म्हणून रानातले पाणी रानातच फिरते आणि गावाला मिळत नाही’, असे सांगितले की बागायतीच्या तालुक्यात ते तत्काळ उमगते. पुष्कळसे तज्ज्ञ कागदावर चित्र काढून देतात. तो कागद घडी घालून पदराच्या गाठीत जातो आणि पुढच्या तपासणीस परत येतो.

सर्वांत अवघड वाक्य मात्र दृष्टांताने सोपे होत नाही. वैगुण्य असाध्य वा अतिशय गुंतागुंतीचे असेल तर गर्भ ठेवावा काय, हा प्रश्न उभा राहतो आणि त्यास कायद्याची मुदत असते. १९७१ च्या कायद्याने ती २० आठवड्यांची होती. हृदयाचे निदान नेमके त्याच सुमारास किंवा त्यानंतर होते. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह, मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. गर्भाच्या हृदयात संपूर्ण हृदयरोध व रोहिण्यांचा दोष असल्याचे निदान चोविसाव्या आठवड्यात झाले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली; काही दिवसांतच त्या स्त्रीचा आपोआप गर्भपात झाला. तेव्हापासून चाललेल्या चर्चेचे पर्यवसान २०२१ च्या दुरुस्तीत झाले : विशिष्ट परिस्थितीत मर्यादा २४ आठवड्यांची झाली, आणि गर्भात गंभीर वैगुण्य असल्याचा निर्णय वैद्यकीय मंडळाने दिल्यास कालमर्यादा उरली नाही. कायद्याने मुदत वाढविली. कुटुंबास निर्णय घेण्यासाठी लागणारे शब्द मात्र तज्ज्ञासच शोधावे लागतात. ‘शस्त्रक्रिया होईल’ आणि ‘मूल बरे होईल’ ही दोन वाक्ये ऐकणाऱ्यास एकच वाटतात. एक निलय असलेल्या हृदयावर तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया होते, आणि तरीही ते हृदय एकाच निलयाचे राहते. हे स्पष्ट न सांगणे ही दया नव्हे.

दुसरा कायदा बोलण्यावरच बंधन घालतो. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भाच्या हृदयाची परीक्षा करणाऱ्या तज्ज्ञासही त्याची नोंदणी करावी लागते, प्रत्येक तपासणीचा विहित नमुना भरावा लागतो, आणि शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने लिंग कळविता येत नाही. येथे मराठी व्याकरण तज्ज्ञाच्या साहाय्यास येते. हिंदीत प्रत्येक नामास पुल्लिंग वा स्त्रीलिंग यांपैकी एक घ्यावेच लागते. मराठीने संस्कृत-प्राकृताचे नपुंसकलिंग जिवंत ठेवले आहे, आणि ‘बाळ’, ‘मूल’, ‘लेकरू’, ‘अर्भक’ हे सारे शब्द त्यात बसतात. ‘ते वळले’, ‘त्याचे ठोके बरोबर आहेत’, ‘ते वाढते आहे’, अशी पाऊणतासाची बोलणी एकदाही अडखळल्याविना होतात. गंमत अशी की काही माता सर्वनामाकडे कान लावून असतात. तज्ज्ञाच्या तोंडून चुकून ‘तो’ निघाला तर त्यावरून घरी तर्क बांधले जातात, जरी तो ‘तो’ ‘गर्भ’ या पुल्लिंगी शब्दाचा असला तरी. म्हणून जाणते तज्ज्ञ खोलीत ‘गर्भ’ हा शब्द टाळतात आणि ‘बाळ’च म्हणतात. जन्मानंतरही शस्त्रक्रियेच्या कागदांवर बालकाचे नाव बहुधा नसतेच. ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढेच लिहिलेले असते, आणि बारसे पुष्कळदा टाके निघाल्यावर होते.